कमी व्होल्टच्या दिव्यांसाठी परवडणारा टायमर सांगलीच्या बाजारात मिळावा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सांगलीतील एका चोवीस बिऱ्हाडांच्या गृहनिर्माण संस्थेची खजिनदार म्हणून गेली काही वर्षे मी काम पाहते. एका अगदी लहान वस्तूसाठी आम्हाला वर्षभर जी पायपीट करावी लागली, जो पैसा वाया घालवावा लागला आणि त्यातून जे काही कळले, ते आपल्या वृत्तपत्रामार्फत दुकानदार, वायरमन, ग्रामपंचायतींचे पदाधिकारी आणि आमच्यासारख्या संस्थांपर्यंत पोहोचावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ती वस्तू म्हणजे बारा व्होल्टच्या दिव्यांसाठी लागणारा टायमर, म्हणजेच ठरलेल्या वेळी दिवे आपोआप लावणारा आणि बंद करणारा स्विच.

आमची वस्ती सखल भागात आहे. आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी फुटाफुटाने वाढू लागल्याच्या बातम्या आल्या, की आमच्याकडे खालच्या मजल्यावरचे सामान वर चढवायला सुरुवात होते. २०१९ च्या महापुरात अंगणात पाणी आले आणि पायवाटेवरच्या दिव्यांचे जुने वायरिंग चिखलाने भरून गेले. पाणी ओसरल्यावर नवे दिवे घ्यायची वेळ आली, तेव्हा सर्व सभासदांनी एकमताने ठरवले की अंगणातल्या खांबांत २३० व्होल्टची वीज पुन्हा खेळवायची नाही. लहान मुले ओल्या हातांनी त्या खांबांना धरून फिरतात, पावसाळ्यात तिथे घोट्याएवढे पाणी साचते. अशा ठिकाणी बारा व्होल्टचे दिवे हाच शहाणपणाचा मार्ग होता आणि त्याबद्दल आम्हाला आजही समाधान आहे. पुढच्या पायवाटेवर पाच वॅटचे बारा एलईडी दिवे लावले, म्हणजे एकूण साठ वॅट. घरच्या २३० व्होल्टच्या विजेचे बारा व्होल्ट करून त्यांना पुरवणारा अडॅप्टर पुराच्या पाण्यापासून दूर, पहिल्या मजल्यावरच्या जिन्यात बसवला. मागच्या फाटकाकडे वीजजोडणी नाही, म्हणून तिथे तसेच सहा दिवे सोलर पॅनेल आणि चाळीस अँपिअर-तास साठवणक्षमतेच्या बॅटरीवर घेतले.

पुढच्या पायवाटेवरचे दिवे लावण्याचे आणि मालवण्याचे काम तीन वर्षे आमच्या संस्थेतील एका ज्येष्ठ सभासदांनी विनातक्रार केले. दिवेलागणीला ते खाली यायचे, बटण दाबायचे, रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा खाली येऊन बंद करायचे. ते मुलाकडे पुण्याला राहायला गेले आणि त्यांच्या त्या रोजच्या दोन फेऱ्यांचे मोल आम्हाला कळले. कोणीतरी लावेल असे प्रत्येकाला वाटायचे, आणि कोणीच लावायचे नाही. किंवा कोणी लावले, तर दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजताही ते उन्हात जळत असायचे. अशाच एका अंधाऱ्या संध्याकाळी आमच्या शेजारच्या आजी तीन पायऱ्यांच्या उतारावर पाय चुकून पडल्या आणि त्यांच्या मनगटाला प्लास्टर घालावे लागले. दुसऱ्याच रविवारी सभा घेऊन टायमर बसवायचा ठराव झाला. खरेदीची जबाबदारी माझ्याकडे आली.

बाजारात टायमर नाहीत असे नाही. मी पाच-सहा दुकाने पालथी घातली आणि प्रत्येक ठिकाणी मला टायमर दाखवले गेले. परंतु ते सगळे २३० व्होल्टचे होते. एक चकतीचा, ज्याच्या कडेने पंधरा-पंधरा मिनिटांच्या शहाण्णव खुंट्या असतात आणि ज्या वेळी दिवा हवा त्या वेळच्या खुंट्या खाली दाबायच्या असतात. दुसरा आकडे दाखवणारा डिजिटल. नामांकित कंपनीचा, सूर्यास्ताची वेळ स्वतः काढणारा टायमरही एका दुकानात होता, पण त्याची किंमत दोन-अडीच हजारांच्या पुढे होती. बारा व्होल्टचा टायमर मागितला की उत्तर ठरलेले, "त्याला मागणी नाही, मागवून देऊ." मागवलेला माल मात्र कधीच आला नाही. ज्या दिव्यांचा संपूर्ण खर्च लोकांच्या वर्गणीतून झाला आहे, त्यांच्या बटणावर अडीच हजार रुपये घालणे मला हिशेबात बसवता येईना.

शेवटी एका वयस्कर वायरमननी मला एकच प्रश्न विचारला. "काकू, दिवे अडॅप्टरवर आहेत का बॅटरीवर?" हा प्रश्न पहिल्याच दुकानात कोणी विचारला असता, तर आमचे सहा महिने वाचले असते. कारण दिवे बारा व्होल्टचे असले, तरी ते अडॅप्टरवर चालत असतील तर बारा व्होल्टच्या टायमरची गरजच नसते. अडॅप्टरच्या अलीकडे २३० व्होल्टची वीज असते. टायमर तिथे बसवला की तो अडॅप्टरलाच चालू-बंद करतो आणि त्याच्या मागून दिवे चालू-बंद होतात. त्या जागी बाजारात सहज मिळणारा साधा टायमर पुरतो. आणखी एक फायदा असा, की दिवे बंद असतात तेव्हा अडॅप्टरही पूर्ण विश्रांती घेतो, नाहीतर तो दिवसभर विनाकारण कोमट राहतो. बॅटरीवरचे दिवे असतील तर मात्र २३० व्होल्टचा टायमर कितीही चांगला असला तरी निरुपयोगी आहे, कारण त्याला चालायला लागणारी वीजच तिथे नसते.

म्हणून पुढच्या पायवाटेसाठी आम्ही चकतीचा स्वस्त टायमर आणला. तो आठवडाभर उत्तम चालला. मग एके दिवशी सकाळी दुरुस्तीसाठी चार तास वीज गेली, आणि त्या संध्याकाळी साडेसहाला लागणारे दिवे रात्री साडेदहाला लागले. या चकतीच्या आत विजेवर फिरणारी छोटी मोटर असते; वीज गेली की मोटर थांबते, मोटर थांबली की घड्याळ थांबते, आणि वीज आल्यावर ते जिथे थांबले होते तिथूनच पुढे चालू लागते. ज्या टायमरमध्ये राखीव सेल असतो त्याचे घड्याळ वीज गेली तरी चालत राहते. हा फरक खोक्यावर ठळक लिहिलेला नसतो आणि दुकानात सांगितलाही जात नाही. आपल्याकडे वीज अधूनमधून जाणारच. तेव्हा राखीव सेल नसलेला टायमर बाहेरच्या दिव्यांसाठी कोणी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे, मग तो कितीही स्वस्त मिळो.

त्यानंतर आम्ही सेल असलेला डिजिटल टायमर घेतला. तो आजतागायत चालू आहे, परंतु त्यातही एक खोच आहे, ज्यामुळे कित्येक जण चांगला टायमर बिघडलेला समजून परत करतात. त्याच्या पडद्यावर खाली तीन शब्द असतात: चालू, स्वयंचलित आणि बंद, तेही इंग्रजीत. वेळा कितीही काळजीपूर्वक भरल्या तरी खूण 'चालू' या शब्दावर राहिली, तर दिवे कायम चालू राहतात. आणि ती 'बंद'वर राहिली, तर कायम बंद. खूण मधल्या शब्दावर आणावी लागते, आणि तीही दिवे त्या घडीला बंद असायला हवे असतील तर 'बंद'वरून, चालू असायला हवे असतील तर 'चालू'वरून. आम्ही दोन संध्याकाळी त्या चार बारीक बटणांशी झटत होतो. आता मी मराठीत एक कागद लिहून, प्लास्टिकमध्ये घालून टायमरशेजारी चिकटवला आहे आणि संस्थेतील कोणीही सभासद तो वाचून वेळ बदलू शकतो.

मागच्या फाटकाची कथा अधिक त्रासाची आहे, आणि या पत्राचे खरे कारण तीच आहे. तिथले सहा दिवे मिळून तीस वॅट, म्हणजे बारा व्होल्टला अडीच अँपिअर घेतात. ते रात्रभर, बारा तास जळले तर तीस अँपिअर-तास खर्च होतात. बॅटरी चाळीसची. शिसे-आम्लाची बॅटरी रोज निम्म्याहून खाली उतरू दिली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, ही गोष्ट इन्व्हर्टर वापरणाऱ्या प्रत्येक घराला अनुभवाने ठाऊक आहे. त्यातून पावसाळ्यात पॅनेलवर आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. आमची पहिली बॅटरी दोन पावसाळेही टिकली नाही. रात्री साडेदहानंतर त्या फाटकाने कोणी येत-जात नाही. पहाटे साडेचारपासून दूधवाले, फिरायला जाणारे आणि कार्तिकात काकड आरतीला निघणारे लोक असतात. म्हणजे संध्याकाळी सातपासून साडेतीन तास आणि पहाटे दीड तास असे पाच तास उजेड पुरे होतो. त्याला साडेबारा अँपिअर-तास लागतात. तीस आणि साडेबारा यांच्यातला फरक हाच बॅटरीच्या आयुष्यातला फरक आहे.

इथे मला एक गोष्ट मुद्दाम सांगाविशी वाटते. टायमरचा विषय निघाला की लोक वीजबिलाचे बोलतात. पुढच्या साठ वॅटच्या दिव्यांचा रोजचा बारा तासांचा वायफळ वापर धरला, तरी तो महिन्याला साधारण बावीस युनिटांचा होतो. ती बचत नाकारण्यासारखी नाही, पण चोवीस घरांत वाटली तर फारशी नाही. खरा तोटा बॅटरीचा होतो. काही हजारांची बॅटरी केवळ काही शेकड्यांचा टायमर वेळेवर न मिळाल्यामुळे भंगारात गेली, हे खजिनदार म्हणून मला फार लागले.

बॅटरीसाठी बारा व्होल्टचा टायमर सांगली, मिरज आणि कुपवाड या तिन्ही ठिकाणी शोधूनही मिळाला नाही, म्हणून तो घरपोच मागवला. विक्रेत्याच्या चित्रात 'बारा व्होल्ट' असे मोठ्या अक्षरात लिहिले होते. पार्सल आले, पडद्यावर घड्याळ चालू दिसत होते, वेळा भरल्या, जोडणी केली. संध्याकाळी सात वाजता पडद्यावर दिवे चालू झाल्याची खूण उमटली आणि दिवे मात्र लागले नाहीत. वायर तपासल्या, दिवे तपासले, फ्यूज बदलला. दुसऱ्या दिवशी तेच वयस्कर वायरमन आले. त्यांनी टायमर कानाशी धरला, बटण दाबले आणि म्हणाले, "टक् वाजत नाही." टायमरच्या आत रिले नावाचा छोटा विद्युतचुंबकी स्विच असतो, तो बसताना आणि उठताना टक् असा आवाज करतो. आमच्या टायमरचा पडदा आतल्या राखीव सेलवर उजळला होता, म्हणून तो जिवंत वाटत होता. रिलेला मात्र हवा तेवढा विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, मिळत नव्हता. त्यांनी चष्मा लावून बाजूचे लेबल वाचून दाखवले. तिथे मुंगीएवढ्या अक्षरात २२० ते २४० व्होल्ट असे छापलेले होते.

हे टायमर बारा, चोवीस आणि २३० व्होल्ट अशा वेगवेगळ्या दाबांसाठी बनतात, पण बाहेरून तंतोतंत सारखे दिसतात. तोच पांढरा खोका, तीच बटणे, तोच पडदा. फरक फक्त लेबलवरच्या एका ओळीचा. आमच्या बाबतीत चूक झाली तेव्हा दिवे लागले नाहीत, एवढेच झाले. याच्या उलट झाले असते, म्हणजे बारा व्होल्टचा टायमर कोणी घरच्या विजेवर जोडला असता, तर तो क्षणात जळाला असता आणि जवळ उभ्या असलेल्या माणसालाही इजा होऊ शकली असती. ही बाब केवळ गैरसोयीची नाही, सुरक्षिततेची आहे. त्या विक्रेत्याने पैसे परत केले, पण दीड महिना गेला आणि तोवर बॅटरीचे व्हायचे ते नुकसान होऊन गेले.

दुसऱ्यांदा मागवताना मी आधी लेबलचे छायाचित्र मागून घेतले. सव्वासहाशे रुपयांत खरोखरचा बारा व्होल्टचा टायमर आला आणि बटण दाबल्याबरोबर तो टक् वाजला. त्याच्या संपर्कांसाठी, म्हणजे आत एकमेकांना टेकून वीज जोडणाऱ्या धातूच्या तुकड्यांसाठी, सोळा अँपिअर असे छापले आहे, पण तो आकडा घरच्या विजेसाठी असतो हेही मला तेव्हाच समजले. घरची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे स्विच उघडताना पडणारी ठिणगी आपोआप विझते. बॅटरीची वीज शून्यावर येतच नाही, म्हणून ठिणगी चिवट राहते आणि संपर्क लवकर झिजतात. अडीच अँपिअरला चिंता नाही. पण कोणी त्या छापील आकड्याच्या भरवशावर मोठा भार टाकू नये.

जोडणीतही आम्ही एक चूक केली. हाताशी असावा म्हणून टायमर पुढच्या बाजूच्या भिंतीवर, बॅटरीपासून तीस मीटरवर बसवला. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर जाऊन-येऊन साठ मीटर झाली आणि अडीच अँपिअरला वाटेतच पावणेदोन व्होल्टच्या आसपास दाब खर्च होऊ लागला. २३० व्होल्टमधून पावणेदोन गेले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. बारातून गेले की दिवे मिणमिणतात. टायमर बॅटरीच्या पेटीतच आणला, बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज घातला आणि दिवे पुन्हा पहिल्यासारखे झाले. फ्यूजबद्दल आणखी एक वाक्य लिहिल्याशिवाय राहवत नाही. बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून पुष्कळ जण फ्यूज घालत नाहीत, पण बॅटरीच्या दोन वायर एकमेकींना चिकटल्या तर त्या लाल होऊन पेट घेऊ शकतात.

हे सगळे झाल्यावर आमच्याच संस्थेतील अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने सोलरच्या चार्ज कंट्रोलरची पुस्तिका वाचली आणि आम्ही सगळेच थक्क झालो. पॅनेल, बॅटरी आणि दिवे ज्या छोट्या पेटीला जोडलेले असतात, त्या पेटीतच टायमरची सोय पहिल्या दिवसापासून होती. बटण दाबून धरले की पडद्यावर आकडा येतो. शून्य ठेवले तर दिवे संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चालतात, एक ते तेवीसपैकी आकडा ठेवला तर अंधार पडल्यापासून तितके तास, आणि चोवीस ठेवले तर सतत. अंधार पडल्याचे तिला पॅनेलवरूनच कळते, वेगळा सेन्सर लागत नाही. बसवून देणाऱ्यांनी तो आकडा शून्यावर ठेवला आणि ते निघून गेले. चारवर ठेवला असता तर आमची बॅटरी वाचली असती, आणि तेही एक रुपया खर्च न करता. ज्यांच्या शेतात, मळ्यात, गोठ्यात किंवा मंदिरासमोर असे सोलर दिवे आहेत, त्यांनी टायमर शोधायला बाहेर पडण्यापूर्वी आपल्या कंट्रोलरवर ही सोय आहे का ते आधी पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तिची मर्यादा एवढीच, की आमच्यासारख्या कंट्रोलरमध्ये ती फक्त संध्याकाळचे तास मोजते. पहाटेचा दीड तास हवा असेल तर वेगळा टायमर घ्यावाच लागतो.

त्याच विद्यार्थ्याने घरी एक टायमर बनवूनही दाखवला. त्यातील घड्याळाची चिप वर्षाला साधारण एक मिनिटाचाच फरक पाडते आणि एका नाण्याएवढ्या सेलवर वीज नसतानाही चालते. त्याचे कौतुक करावे तितके थोडे आहे. तरीही संस्थेसाठी तो बसवायला मी नकार दिला, आणि त्याला तसे समजावूनही सांगितले. उद्या तो नोकरीसाठी पुण्या-बंगळुरूला गेला, तर ते सर्किट दुरुस्त करणारा माणूस आमच्याजवळ नसेल. सार्वजनिक दिव्याचे बटण कोणत्याही वायरमनला पाहता क्षणी समजेल असेच असले पाहिजे.

आता प्रश्न उरतो ऋतूचा. सांगलीत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या आतच मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सात वाजून गेल्यावर. हा सव्वा तासाचा फरक टायमरला कळत नाही. तो वर्षभर एकाच वेळेला दिवे लावणार. वर्षातून तीन-चार वेळा वेळ बदलावी लागते, आणि संस्थेच्या कामात अशा गोष्टी हमखास राहून जातात. त्यावर आम्ही योजलेला उपाय स्वस्त आहे आणि गेले आठ महिने तो बिनचूक चालला आहे. उजेड ओळखणारा छोटा सेन्सर टायमरच्या पुढे एकाच वायरीत जोडला. टायमरवर संध्याकाळी साडेपाच ते साडेदहा आणि पहाटे साडेचार ते सात अशा सैल वेळा भरल्या. दिवे लागण्यासाठी दोघांचीही संमती लागते: टायमर म्हणतो वेळ झाली, सेन्सर म्हणतो अंधार पडला, तेव्हाच उजेड होतो. त्यामुळे हिवाळ्यात दिवे लवकर लागतात, उन्हाळ्यात उशिरा, आणि साडेदहाला दोन्ही ऋतूंत बंद होतात. नुसता सेन्सर लावला असता तर तो रात्रभर दिवे चालूच ठेवतो. बॅटरीला ते परवडत नाही आणि मागच्या चिंचेवर रात्री मुक्कामाला येणाऱ्या बगळ्यांनाही ते बरे नाही. सेन्सर घेतानाही व्होल्ट पाहूनच घ्यावा लागतो, कारण बॅटरीसाठीचा आणि घरच्या विजेचा वेगवेगळा असतो. शिवाय तो दिव्याच्या उजेडाबाहेर बसवावा. आमचा पहिल्या रात्री दिव्याखाली होता, आणि स्वतःच्याच उजेडाला दिवस समजून तो मिनिटामिनिटाला दिवे लावत-मालवत बसला.

ही अडचण आमच्या एका संस्थेची नाही, हे मला या वर्षात फिरताना दिसले. एका दुकानात जतकडचे एक शेतकरी भेटले. ड्रॅगन फ्रूटच्या बागेत हंगामाबाहेर फुले आणण्यासाठी रात्री दिवे लावण्याचा त्यांचा प्रयोग चालू होता. शेवंतीलाही कळी केव्हा धरायची हे रात्रीच्या लांबीवरून कळते, त्यामुळे तिथेही दिव्याची वेळ चुकून चालत नाही. माझ्या माहेरी, तासगावकडच्या गावात, मंदिरासमोर सोलरचे दिवे आहेत. ते पहाटे दोनच्या सुमारास बॅटरी संपून आपोआप विझतात आणि काकड आरतीला येणारे लोक मोबाईलच्या उजेडात पायऱ्या चढतात. तिथेही कोणीतरी एक आकडा शून्यावरून चारवर न्यायला हवा आणि पहाटेसाठी एक टायमर बसवायला हवा, बाकी काही नाही.

म्हणून आपल्या वृत्तपत्रामार्फत माझ्या काही मागण्या आहेत. इलेक्ट्रिकल दुकानदारांनी बारा व्होल्टचे टायमर आणि सेन्सर थोड्या संख्येने का होईना, पण दुकानात ठेवावेत. सोलर दिवे, बॅटरीवरचे दिवे आणि एलईडी पट्ट्या ते रोज विकतात. त्यांना लागणारे बटण मात्र ठेवत नाहीत आणि मग मागणी नाही असे म्हणतात. मागणी आहे, ती दुकानात येऊन रिकाम्या हाताने परत जाते, म्हणून दिसत नाही. टायमर विकताना खोक्यावर मोठ्या मराठी अक्षरांत 'बारा व्होल्ट, बॅटरीसाठी' किंवा '२३० व्होल्ट, घरच्या विजेसाठी' अशी चिठ्ठी लावावी. तिला काही पैसे पडणार नाहीत. आणि गिऱ्हाईक काउंटरशी आले की त्या वायरमनकाकांचा प्रश्न आधी विचारावा.

महापालिका आणि ग्रामपंचायतींना विनंती अशी, की सार्वजनिक सोलर दिव्यांचे अंदाजपत्रक करताना त्यात टायमरची ओळ असावी आणि काम ताब्यात घेताना कंट्रोलरवरचा आकडा किती ठेवला आहे हे पाहूनच सही करावी. आयटीआयच्या विद्युत विभागांना मी असे सुचवू इच्छिते, की अंतिम परीक्षेच्या प्रात्यक्षिकात बारा व्होल्टचा टायमर आणि सेन्सर एकत्र जोडण्याचे काम घ्यावे. जे वायरमन आज शिकून बाहेर पडत आहेत, त्यांच्या हातून उद्या बॅटरीवरचेच काम अधिक होणार आहे, आणि आम्हाला भेटलेल्या पाच वायरमनपैकी चौघांनी टायमर बॅटरीला जोडण्याआधी लेबल वाचले नव्हते.

आमच्या संस्थेची जोडणी कोणाला पाहायची असल्यास बॅटरीची पेटी उघडून दाखवायला आम्ही केव्हाही तयार आहोत. तासगावकडच्या त्या मंदिरासाठी मला बारा व्होल्टचे आणखी दोन टायमर घ्यायचे आहेत. सांगली, मिरज किंवा कुपवाडमधील ज्या दुकानदारांकडे ते असतील, त्यांनी तशी पाटी दुकानावर लावावी. मी स्वतः येऊन, लेबल वाचून आणि टक् ऐकून घेऊन जाईन.

आपली विश्वासू,
एक वाचक व गृहनिर्माण संस्थेची खजिनदार,
सांगली